नवल सांगस : एका कीबोर्डाचा संताप

मी एक जुना कीबोर्ड आहे. जन्मलो तेव्हा पांढरा होतो, आता बिडी ओढणाऱ्याच्या दातांसारखा पिवळा झालो आहे, आणि सध्या मी रागात आहे.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू सहसा रागावत नाहीत. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, निवृत्त झालेला खराटा, ही सगळी सोशिक मंडळी. आयुष्यभर लाथा खाऊन शेवटी ती तुम्हाला आशीर्वाद देतात. मला ते जमणार नाही. एक तर माझा जन्मच मार खाण्यासाठी झाला, त्यामुळे त्याबद्दल मला कधी गहिवरून आलं नाही. दुसरं म्हणजे मी ज्या घरात राहतो तिथे दर उन्हाळ्यात लाल मिरची कुटतात आणि तिची पूड माझ्या बटणांखाली जाऊन बसली आहे. पोटात मिरची असलेल्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नका.

दूर कुठल्याशा देशात, एका भल्यामोठ्या कारखान्यात मी तयार झालो. तिथल्या एका बाईने माझं प्रत्येक बटण एकदा हलकेच दाबून पाहिलं आणि मला खोक्यात ठेवलं. इतक्या हलक्या हाताने मला नंतर बरीच वर्षं कोणी दाबलं नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट शहाद्याला, एसटी स्टँडजवळच्या एका संगणक क्लासमध्ये. वरचा मजला, खाली रसवंती, खिडकीबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांचा गोंगाट. म्हसावदहून, आजूबाजूच्या खेड्यांतून मुलं यायची आणि बैलाला टोचणी मारावी तसं 'एंटर'ला मारायची. एकदा मारून संगणक हलला नाही तर आणखी जोरात. जगातल्या सगळ्या अडचणी जोर लावला की सुटतात, असं त्यांना घरून शिकवलेलं असावं.

त्या क्लासमध्ये शिकवायला सीमा होती. बी.एस्सी. झालेली, बारीक चणीची, आवाज न चढवता रागावणारी. तिने माझ्या बटणांवर देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि मग दहाही बोटांनी लिहून दाखवलं. त्या दिवशी मला कळलं, की मी मार खाण्याचं यंत्र नाही, लिहिण्याचं आहे.

मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि क्लास ओस पडला. मालकाने जुने संगणक वाटून टाकले. सीमाच्या वाट्याला आलेल्या संगणकासोबत मी आलो. थोड्याच दिवसांत तिचं लग्न ठरलं. लग्नाच्या सामानात कपाट होतं, भांडी होती, गाद्या होत्या, आणि सगळ्यात मागे, टॉवेलात गुंडाळलेला मी होतो. "हाई काय शे वं?" असं वऱ्हाडातल्या एका बाईने विचारलं तेव्हा दुसरीने सांगितलं, "टीव्हीनं काहीतरी व्हई." तेव्हाही मला राग आला होता, पण तो किरकोळ होता.

सीमाचं सासर तापीकाठच्या गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत गावाचं फारसं बरं दिसत नाही. सासरे दगाबापू, सासू जसोदाबाई. केळीची बाग, थोडा कापूस. नवरा धर्मेंद्र, साखर कारखान्यात नोकरीला. आणि धाकटा दीर, नवल. या शेवटच्या माणसाकडे नीट लक्ष द्या, कारण सगळा घोटाळा त्याच्या नावात आहे.

मला मागच्या खोलीत, शिलाई मशीनच्या टेबलावर जागा मिळाली. दुपारी जेवणं आटोपली, भांडी झाली, घर आडवं झालं की सीमा माझ्यावरचा टॉवेल काढायची. मग ती जगभर हिंडायची आणि जे जे गमतीचं सापडेल ते फेसबुकच्या पानावर आणि व्हॉट्सअॅपच्या एका गटात लिहून टाकायची. फुकटची मजेदार सॉफ्टवेअरं, विचित्र वेबसाइटी, विज्ञानाच्या चमत्कारिक बातम्या. आणि लिहायची ती घरच्या भाषेत, अहिराणीत. शाळेतल्या मराठीत लिहिलं तर गावाला ती नोटीस वाटते, असं तिचं म्हणणं होतं.

मोबाइल तिच्याकडेही होता. पण मोबाइल शहाणा असतो. त्याच्यावर 'ऱ्हायना' लिहिलं की तो 'राहणार' करून टाकतो आणि 'शे' लिहिलं की 'शेत' सुचवतो. मी कोणाला सुधारायला जात नाही. जे दाबाल तेच देतो. त्यामुळे सीमाचं आणि माझं जमलं. माझं शिफ्टचं बटण सगळ्यात आधी गुळगुळीत झालं, कारण 'शे' म्हणजे 'आहे', आणि त्याच्याशिवाय अहिराणी वाक्य संपत नाही आणि शिफ्ट दाबल्याशिवाय माझ्यावर 'श' उमटत नाही. याउलट 'ळ' बिचारा 'ल'च्या डोक्यावर बसून नुसता बघत असतो. आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो आणि केळीची केय.

पहिलीच पोस्ट एका वेबसाइटची होती. आपलं गाव नकाशावर दाखवलं की ती सांगते, इथून सरळ खाली खणत गेलात तर पृथ्वीच्या पलीकडे कुठे निघाल. आमच्या गावातून खणलं तर माणूस प्रशांत महासागरात निघतो. सीमाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. जसोदाबाई मिरच्यांचे देठ खुडत होत्या.

"खाले समुद्र शे म्हनस," त्या म्हणाल्या, "मंग आपली बोर काब्र सुकी जास वं?"

हा प्रश्नही सीमाने पोस्टखाली लिहून टाकला. तो पोस्टपेक्षा जास्त गाजला.

मग पक्ष्याचा आवाज ऐकून पक्षी ओळखणारं सॉफ्टवेअर आलं. शेजारच्या भिलानानांनी त्याला स्वतःचा कोंबडा ऐकवला. सॉफ्टवेअरने तो ओळखला नाही. नाना पुढे कितीतरी दिवस कोंबड्याकडे संशयाने बघत होते. मग ऑक्टोपसला तीन हृदयं असतात ही बातमी आली. त्यावर दगाबापूंनी ओट्यावरूनच शेरा मारला, "त्याले तीन, आनि आपला गावमा कितलाक लोकेसले एक बी नही."

दगाबापू हे गावाबद्दल बोलत होते. तेव्हा मीही हसलो होतो.

शहाद्यापासून धानोऱ्यापर्यंत आणि तिथून सुरतेला कामाला गेलेल्या पोरांपर्यंत त्या पोस्टी फिरू लागल्या. आता मुद्द्याचं सांगतो. सीमाची प्रत्येक पोस्ट दोन शब्दांनी सुरू व्हायची, आणि तेच पानाचं नाव होतं : 'नवल सांगस'.

तुमच्यापैकी जे तापीच्या खोऱ्यातले नाहीत त्यांनी जरा लक्ष द्या. अहिराणीत 'मी सांगस' म्हणजे मी सांगते. आणि 'तो सांगस' म्हणजे तो सांगतो. क्रियापद तेच. बाई सांगो, बाप्या सांगो, स्वतः सांगो की दुसरा, 'सांगस'ला फरक पडत नाही. सीमाच्या मनात होतं, 'एक नवल सांगते.' बोलताना 'मी' कोण लावतं? तिने तो गाळला. आणि त्या गाळलेल्या 'मी'च्या जागी अख्ख्या तालुक्याने तिचा दीर आणून बसवला. नवल सांगस. नवल सांगतो. कोण नवल? अरे, तो दगाबापूंचा धाकटा!

पहिल्यांदा कोणीतरी नवलला पानाच्या टपरीवर गाठलं. "नवलभाऊ, तुम्हनं डोकं म्हंजे काय डोकं शे!"

नवलने त्या दिवशी खरं सांगितलं. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच आहे, म्हणून नोंदवून ठेवतो. तो म्हणाला, "मी नही लिखत भो. भाभी लिखस."

टपरीवरच्या लोकांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. "देखा, कितला मोठा मनना मानूस शे! नाव बी भाभीले दी ऱ्हायना."

यानंतर नवलने खरं बोलणं सोडून दिलं. खोटंही बोलला नाही. नुसता हसायचा. मित्रांनो, न बोलता चोरी करता येते, हे मी त्याच्याकडून शिकलो.

सीमाने त्याला विचारलं. दुपारची वेळ होती, माझ्यावर अर्धं वाक्य लिहून झालं होतं.

"नवलभाऊ, तुम्ही लोकेसले खरं का नही सांगं?"

"सांगं ना भाभी. एकदाव सांगं. कोनी ऐकं नही. आते घडी घडी काय सांगू?"

तिने मग स्वतःच उपाय केला. गाळलेला 'मी' परत लावला. पानाचं नाव झालं, 'मी नवल सांगस'. आम्हाला वाटलं, आता तरी आंधळ्यालाही दिसेल. दुसऱ्याच दिवशी भिलानाना ओट्यावर येऊन दगाबापूंना म्हणाले, "आते तं पोऱ्यानी सोताच लिखं शे ना. मी, नवल, सांगस! एवढा दिवस लाजी ऱ्हायंता."

सीमा दारात उभी होती. तिने कपाळावर हात मारला नाही, काही नाही. मागच्या खोलीत आली, माझ्यासमोर बसली आणि बराच वेळ नुसती स्पेसबार दाबत राहिली.

रात्री धर्मेंद्रपाशी विषय निघाला. धर्मेंद्र माणूस वाईट नाही. तो फक्त कायम मधोमध उभा असतो, आणि मधोमध उभ्या माणसाचा भार नेहमी एकाच बाजूवर पडतो. तो म्हणाला, "जाऊ दे ना सीमा. नाव कोनं बी ऱ्हावो, घर तं एकच शे."

"मंग कारखानामा तुमना हजेरीले नवलभाऊनं नाव टाकाले सांगा," सीमा म्हणाली. "घर तं एकच शे."

धर्मेंद्रने कूस बदलली. जसोदाबाईंचं मत वेगळं होतं, पण निष्पन्न तेच. "बाईनं नाव आसं लोकेसना मोबाइलमा फिरस, हाई बरं दिखस का? नवलनं फिरी ऱ्हायनं ते बरंच शे."

म्हणजे पाहा. बाईने लिहिलेलं फिरलं तर चालतं. बाईचं नाव फिरलं तर चालत नाही. शेपू खायचा आणि शेपूचा वास आला म्हणून नाक धरायचं, त्यातला प्रकार.

मग शहाद्याच्या एका युवक मंडळाने नवलचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, काचेचं सन्मानचिन्ह. त्याआधी एका स्थानिक वर्तमानपत्राचा छायाचित्रकार घरी आला. त्याला 'काम करताना'चा फोटो हवा होता. नवल इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खोलीत आला. त्या खोलीत तो त्याआधी फक्त मोबाइलचा चार्जर शोधायला आला होता. खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हात माझ्यावर ठेवले.

मित्रांनो, तुमच्या पायात कोणी दुसऱ्याचा बूट घातला आहे का? त्याची बोटं माझ्या आकड्यांवर होती. सगळी. पोथीवर हात ठेवून शपथ घेणाऱ्या माणसासारखा तो बसला होता.

सीमा चहा घेऊन आली. टेबलावर कप ठेवायला वाकली.

"ताई," छायाचित्रकार कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "तुम्हना हात ई ऱ्हायना फोटोमा. जराशा मांगे ल्या."

तिने हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, 'नवल यांचे नवल!' आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो छापून आला, आणि माझ्यावर चुकीची बोटं होती. घरात तो पेपर फ्रेम करून लावला. मी समोरच्या भिंतीवर रोज तो बघतो. मला मान वळवता येत नाही.

सत्कारानंतर नवलच्या महत्त्वाकांक्षेला पालवी फुटली. सीमाच्या पोस्टी तशाच पुढे पाठवणं त्याला आता पुरेना. त्याने मोबाइलवर एक रंगीत चौकट करून घेतली. वर फुलांची कमान, एका बाजूला त्याचा हात जोडलेला फोटो, खाली 'आपला नवलभाऊ, आपल्या सेवेत'. सीमाच्या पोस्टमधला मजकूर उचलायचा, त्या चौकटीत बसवायचा आणि गावोगावच्या गटांत सोडायचा. फोटो मोठा होता. हात जोडलेले कोपर बरेच बाहेर येतात. त्यामुळे मजकुराला जागा जेमतेम एका ओळीची उरायची.

सीमा याबद्दल बोलली होती. "भाऊ, टाकानं तं पुरं टाका. अर्धं टाकशात तं उलटं व्हई."

"भाभी, लोके एवढं वाचतस कोठे?" नवल म्हणाला.

हे तो माणूस म्हणाला, ज्याने स्वतः एकही पोस्ट शेवटपर्यंत वाचली नव्हती.

आणि मग केळीची बातमी आली.

ती बातमी जुनीच आहे, विज्ञानाची आवड असलेल्यांना ठाऊक असते. केळ्यात पोटॅशियम असतं. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये अगदी किंचित किरणोत्सार असतो. म्हणून केळंही किंचित किरणोत्सारी असतं. त्याने कोणाचं काही बिघडत नाही, कारण माणसाच्या अंगातही पोटॅशियम असतं आणि तिथला किरणोत्सार केळ्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. सीमाने हे सगळं छान रंगवून लिहिलं. केळीच्या मुलखात बसून केळीची गंमत लिहिताना तिची बोटं माझ्यावर नाचत होती. शेवटी तिने लिहिलं होतं, की नवरा-बायको शेजारी झोपतात तेव्हा एकमेकांना उशाशी ठेवलेल्या केळ्यापेक्षा जास्त किरणं देतात, तरी संसार चालूच आहेत.

नवलच्या चौकटीत त्यातली पहिली ओळ बसली. 'केयमा किरणोत्सार ऱ्हास.' शेजारी हात जोडलेला नवल. खाली, 'आपल्या सेवेत'.

तीन दिवसांत जे व्हायचं ते झालं. म्हसावदच्या बायांनी पोरांच्या हातातली केळी काढून घेतली. कोणी म्हणालं, ही नवीन खताची किरणं. कोणी म्हणालं, मोबाइलच्या टॉवरची. आणि चौथ्या दिवशी भिलानानांच्या बागेत माल भरायला आलेल्या गाडीवाल्याने मोबाइल दाखवला, मान हलवली आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेला. कापलेले घड बांधावर पडून राहिले.

भिलानाना तडक आमच्या ओट्यावर आले. मागे सातआठ जण. ओट्यावरचा आवाज मागच्या खोलीत स्पष्ट येतो. सीमा माझ्यासमोरच बसली होती.

"नवल! बाहेर ये!" नाना ओरडले. "हाई काय लिखेल शे तू? गाडीवाला माल न लेता वापस गया! म्हने तुमना गावनी केयमा किरणं शेतस!"

नवल बाहेर आला. मित्रांनो, वर्षभर मी एका वाक्याची वाट बघत होतो. ते वाक्य त्याने टपरीवर म्हणावं, सत्काराच्या मंचावर म्हणावं, निदान फोटो काढताना तरी म्हणावं, असं मला वाटायचं. ते वाक्य त्याने आत्ता म्हटलं.

"नाना, मायनी आन, मी नही लिखं. भाभी लिखस. पहिलापासून तीच लिखस. मी एक अक्षर बी लिखेल नही."

शब्दन् शब्द खरा. माझ्या सगळ्या बटणांनी साक्ष दिली असती. आणि तरीही मला इतका राग कधी आला नव्हता. खरं बोलायलासुद्धा माणूस वेळ बघतो!

"मंग सत्कार कसाना लिधा रे तू?" भिलानाना म्हणाले.

पण गर्दीला याचं उत्तर नको होतं, माणूस हवा होता. सगळ्यांचं तोंड दाराकडे वळलं. दगाबापूंनी हाक मारली, "सीमा!"

ती बाहेर गेली. मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. दगाबापू म्हणाले, "काय करी ठेवं हाई? आपली सोतानी बाग शे, आनि आपलाच घरमातून केयनी बदनामी?"

"बापू, मी पुरं लिखं व्हतं."

"पुरं-अर्धं मले समजत नही. माफी लिख. आनि मंग ते पान बंद कर. आनि तो डबा दी टाक भंगारवालाले. शुक्कारले येस तो."

डबा म्हणजे संगणक. संगणकासोबत मी. माझं नाव त्यांनी घेतलंसुद्धा नाही, पण ते अंगवळणी पडलं होतं.

नवलला एव्हाना कंठ फुटला होता. तो मदतीच्या स्वरात म्हणाला, "हा भाभी, बापू बरोबर म्हनतस. एक माफी लिखी टाका. तुम्हना नाववर लिखा बरं का. पुरं नाव टाका, म्हंजे लोकेसले समजी."

वर्षभर जे नाव कोणाला नको होतं, बाईचं आहे म्हणून, घर एकच आहे म्हणून, फोटोत हात येतो म्हणून, ते आज सगळ्यांना हवं होतं. पूर्ण हवं होतं. माफीखाली.

बाईचं नाव मोबाइलमध्ये फिरणं बरं दिसतं का, हा प्रश्न त्या दिवशी जसोदाबाईंनाही पडला नाही.

"आते तुम्ही तरी बोला," सीमा धर्मेंद्रला म्हणाली. तो नुकताच कारखान्यातून आला होता, जेवणाचा डबा ओट्यावर टेकवल्याचा आवाज आला होता.

"लिखी टाक ना सीमा," तो म्हणाला. "मिटी जाई."

"मिटी जाई म्हंजे कोन मिटी जाई?" सीमाने विचारलं.

मग ती भिलानानांकडे वळली. "नाना, तुमना माल पडी ऱ्हायना, त्यानं मले खरंच वाईट वाटस. पन माफी मी नही लिखनार. पुरं लिखसू. तुम्हना समोर. आठे बसा, जाऊ नका."

ती आत आली. माझ्यावर टॉवेल नव्हताच. तिने खुर्ची ओढली, आणि मित्रांनो, तिने मला बडवलं नाही. एवढी चिडलेली असताना तिची बोटं त्या कारखान्यातल्या बाईच्या बोटांसारखी पडत होती, एकेक, नेमकी. ओट्यावरची माणसं एकेक करून मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बाई लिहिताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. नवल सगळ्यांच्या मागे होता.

तिने लिहिलं :

'जे अर्धं फिरनं ते आते पुरं वाचा. केयमा पोटॅशियम ऱ्हास. त्यामा इवलुसा किरणोत्सार ऱ्हास. तो जगनी सगयी केयमा शे, फक्त आपला गावनी केयमा नही. तुमना आंगमा त्यानापेक्षा जास्त शे. केयले भ्यानारा मानूसनी पहिले सोतापासून दूर पयावं. हाई मी लिखेल शे. याना आगोदरनं बी सगयं मीच लिखेल शे. सीमा.'

भिलानाना पुढे आले. पडद्याजवळ तोंड नेऊन त्यांनी ते मोठ्याने वाचलं, अडखळत, बोट फिरवत. मग त्याखालची जुनी पोस्टही वाचली, ती मुळातली, पूर्ण. नवरा-बायकोच्या ओळीपाशी त्यांच्या मिशा हलल्या.

"मंग हाई बाकीनं कोठे गयतं?" त्यांनी विचारलं.

"नवलभाऊना फोटोखाले," सीमा म्हणाली.

दारातून कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी एक जण. नवल ओट्यावरून उतरून गेला होता.

तुम्हाला वाटेल, इथे सगळं गोड झालं. तसं काही झालं नाही. दुसरा गाडीवाला दोन दिवसांनी आला आणि त्याने भिलानानांचा उरलेला माल भरला, पण ते सीमाची पोस्ट वाचून नव्हे. बाजारात केळी कमी पडली होती म्हणून. भंगारवाला शुक्रवारी आला तेव्हा दगाबापू ओट्यावर बसले होते. त्यांनी त्याला मोडकं घमेलं दिलं, गंजलेले पत्रे दिले, आणि मागच्या खोलीकडे बघितलंच नाही. हे मन बदलणं होतं की विसरणं, मला माहीत नाही. माफी मात्र कोणी मागितली नाही. सीमानेही नाही, आणि ज्यांनी मागायला हवी होती त्यांनीही नाही. भिंतीवरचा पेपर फ्रेमसकट आहे तिथेच आहे.

सीमाने पानाचं नाव बदललं. 'नवल' हा शब्द तिचा लाडका होता, तो तिने सोडून दिला. आपल्या घरच्या माणसामुळे आपल्या भाषेतला एक शब्द सोडावा लागतो, याचा राग मला अजून आहे. नवीन नाव 'सीमा सांगस'. ते लावल्यावर गटातून बरेच लोक निघून गेले. जे राहिले त्यांतल्या एकाने सुरतेहून लिहिलं, "सीमावर काय चालू शे? लढाई व्हनार का?"

त्याला वाटलं, देशाच्या सीमेवरच्या बातम्यांचं पान आहे. मला वाटलं, ती आता रडेल, किंवा निदान स्पेसबार दाबत बसेल. ती हसली. मोठ्याने, मागच्या खोलीत एकटीच. मग तिने उत्तर लिहिलं, "सीमा म्हंजे मी."

आणि खाली लगेच आकाशातल्या एका अशा ताऱ्याची बातमी लिहायला घेतली, ज्याचा प्रकाश आपल्याला दिसतो पण तो निघाला तेव्हा आपलं गाव नव्हतं.

मित्रांनो, आता निरोपाचं बोलतो. माझ्यासारखा जुना कीबोर्ड तुमच्या घरी असेल तर अधूनमधून उलटा करून हलकेच झटका. रागाच्या भरात कोणी 'एंटर' बडवत असेल तर त्याला शेताकडे पाठवा. हे सगळे कीबोर्ड सांगतात, म्हणून मीही सांगितलं.

पण माझी खरी विनंती वेगळी आहे, आणि ती विनंतीच्या सुरात करायला मला जमत नाही. उद्या तुमच्या मोबाइलवर एखादी गंमत येईल, एखादं नवं सॉफ्टवेअर, एखादी अचंबित करणारी बातमी. तुम्हाला ती आवडेल. बोट पुढे ढकलायला शिवशिवेल. तेव्हा खाली कोणाचं नाव आहे ते बघा. असेल तर राहू द्या. नसेल तर विचारा. आणि ते कापून तिथे स्वतःचा फोटो लावावासा वाटला, तर एकदा आठवा, दुसऱ्याच्या बागेत शिरून घड कापून नेणाऱ्याला तुमच्या गावात काय म्हणतात. तो शब्द मला अगदी स्वच्छ उमटवता येतो. एकही बटण अडकत नाही.